जुन्या रेल्वेमार्गावरून नदीकाठाने: कॉन्फ्लुअन्स ते ओहायोपाईल दहा मैल पायी

सह्याद्रीत गडकिल्ले चढण्याची सवय असलेल्या माणसाला पेनसिल्व्हेनियातली ही वाट पहिल्यांदा दाखवली, की तो हमखास हसतो. तीन-साडेतीन मीटर रुंद, चुनखडीचा बारीक कच दाबून बसवलेली, चढ नाही, घसारा नाही, दगडावरून दगडावर उडी नाही. सोसायटीच्या आवारातली शतपावली वाटावी अशी. मीही हसलो होतो, आणि त्याच दिवशी सातव्या मैलानंतर वाटेच्या कडेला बूट काढून, टाचेवर आलेल्या रुपयाएवढ्या फोडाकडे बघत बसलो होतो. गडावर दम जातो, पाय टिकतात. रेल्वेच्या वाटेवर दम अखेरपर्यंत शाबूत असतो आणि पाय जातात. म्हणून या वाटेची तयारी गडाच्या तयारीहून वेगळी करावी लागते, आणि ती बरीचशी पावलांची, मैलांची व घड्याळाची आकडेमोड असते.

ज्या वाटेविषयी लिहितो आहे तिचे नाव ग्रेट अ‍ॅलेगेनी पॅसेज. मेरीलँडमधल्या कंबरलंडपासून पिट्सबर्गपर्यंत १५० मैल, म्हणजे सुमारे २४१ किलोमीटर, अशी ही वाट बहुतांशी बंद पडलेल्या रेल्वेमार्गांच्या भरावांवरून जाते. तिचा सगळ्यात देखणा तुकडा माझ्या मते कॉन्फ्लुअन्स ते ओहायोपाईल हा दहा मैलांचा आहे. पिट्सबर्ग किंवा वॉशिंग्टनच्या परिसरात राहणाऱ्या, अथवा पिट्सबर्गच्या व्यंकटेश्वराच्या दर्शनाला आलेल्या मराठी कुटुंबाला एका दिवसात झेपेल असा हाच तुकडा आहे. पिट्सबर्गहून ओहायोपाईल गाडीने दीड तासावर आहे आणि वॉशिंग्टनहून साडेतीन-चार तासांवर.

ही वाट इतकी सपाट का

ज्या नदीच्या काठाने चालायचे तिचे नाव इंग्रजी स्पेलिंगवरून उच्चारायला गेल्यास फसगत होते. स्थानिक लोक तिला 'यॉकिगेनी' आणि लाडाने नुसते 'यॉक' म्हणतात. लेनापी या मूळ रहिवाशांच्या भाषेतून हे नाव आले असून आडवळणाने, उलट दिशेने वाहणारी असा त्याचा अर्थ सांगतात. नदी दक्षिणेकडून उत्तरेकडे वाहते, तेव्हा नाव तिला शोभते. १७५४ साली जॉर्ज वॉशिंग्टन, त्या वेळी ब्रिटिशांच्या बाजूचा एक तरुण अधिकारी, या नदीतून होड्यांनी पश्चिमेकडे सैन्य नेता येईल का हे पाहायला आला आणि ओहायोपाईलचा धबधबा पाहून माघारी वळला. होडीला जे जमले नाही ते पुढे रेल्वेला जमले. १८७१ मध्ये नदीच्या उजव्या काठाने पहिला मार्ग झाला. त्यानंतर चार दशकांनी, १९१२ मध्ये, वेस्टर्न मेरीलँड रेल्वेने डाव्या काठाने स्वतःचा दुसरा मार्ग टाकला. एका अरुंद खोऱ्यात दोन कंपन्यांचे दोन मार्ग फार काळ परवडण्याजोगे नव्हते. दोन्ही कंपन्या एकाच छत्राखाली आल्यावर डाव्या काठचा मार्ग नकोसा झाला आणि १९७५ मध्ये त्यावरची वाहतूक बंद झाली. रूळ निघाले, भराव, कटिंग, मोऱ्या आणि पूल मागे राहिले. एका निसर्गसंवर्धन संस्थेने कॉनेल्सव्हिल ते कॉन्फ्लुअन्स हा पट्टा विकत घेऊन पुढे राज्याच्या हवाली केला, १९८६ मध्ये ओहायोपाईलजवळचा पहिला तुकडा लोकांसाठी खुला झाला, आणि पिट्सबर्गपर्यंतची सलग वाट पुरी व्हायला २०१३ साल उजाडले. पलीकडच्या, १८७१ सालच्या मार्गावरून मालगाड्या मात्र आजही धावतात, आणि चालताना दर थोड्या वेळाने झाडांआडून त्यांचा खडखडाट ऐकू येतो.

हा इतिहास सांगण्याचे कारण असे की, चालणाऱ्याच्या पायाशी त्याचा थेट संबंध आहे. लोखंडी चाकाची लोखंडी रुळावर पकड कमी असते, त्यामुळे रेल्वेला चढ सोसत नाही. आपल्या बोरघाटात ३७ मीटर अंतराला एक मीटर चढ आहे आणि तेवढ्यासाठी गाडीला मागून जादा इंजिने लावावी लागतात. यॉकच्या काठचा चढ तर शंभराला एकाहूनही कमी आहे. तो डोळ्यांना दिसत नाही, पायांना जाणवत नाही. पण चढ-उतार नसला की पाऊल सारखे तेच, तेवढेच आणि त्याच कोनात पडते. गड चढताना कधी चवडा, कधी टाच, कधी हात, असे काम वाटून जाते. इथे टाचेचा तोच कोपरा बुटाच्या त्याच शिवणीला एका मैलात सुमारे हजारभर वेळा घासतो. दहा मैलांची, दोन्ही पायांची मिळून, एकवीस हजार पावले होतात, आणि माझा फोड त्यांतूनच आला होता.

चालण्याआधीचे तीन आठवडे

या वाटेसाठी जिने चढण्याचा सराव उपयोगाचा नाही. घराजवळच्या सपाट रस्त्यावर सलग चालण्याचा सराव करावा: पहिल्या आठवड्याच्या शेवटी सहा किलोमीटर, दुसऱ्याच्या शेवटी नऊ, तिसऱ्याच्या शेवटी बारा, आणि तेही त्याच बुटांत, त्याच मोज्यांत व त्याच पिशवीसह. बारा किलोमीटर विनातक्रार झाले तर सोळा होतात. सहालाच पोटऱ्या धरत असतील, तर पुढे सांगितलेला छोटा पर्याय घ्यावा.

घोट्यापर्यंत येणारे जाड तळव्याचे ट्रेकिंगचे बूट घरी ठेवावेत. मी तीच चूक केली होती. ते दगडाधोंड्यांसाठी असतात. सपाट वाटेवर त्यांचा कडक तळवा वाकत नाही, पाय आत गरम होतो आणि टाच उचलली जाऊन घासते. धावण्याचे चांगले वापरलेले बूट, नेहमीपेक्षा अर्धा नंबर मोठे, सर्वांत बरे, कारण तीन तासांनी पाऊल थोडे सुजतेच. सुती मोजे घाम धरून ठेवतात, म्हणून लोकरीचे किंवा घाम सोडणारे कृत्रिम धाग्याचे मोजे घालावेत आणि एक जोडी पिशवीत जादा ठेवावी. पायाची नखे दोन दिवस आधी कापावीत, त्याच सकाळी नव्हे.

यापेक्षा महत्त्वाचा नियम एकच आहे: पायाला कुठेही चटका जाणवला, की त्याच क्षणी थांबावे. पुढच्या मैलाच्या दगडापर्यंत जाऊ, सगळे थांबतील तेव्हा बघू, असे म्हणू नये. चटका म्हणजे अजून फोड आलेला नाही. बूट काढावा, पाय कोरडा होऊ द्यावा, लाल झालेल्या जागेवर कापडी चिकटपट्टी सुरकुती न पडू देता लावावी, तिचे कोपरे गोल कापावेत म्हणजे मोज्यात अडकून निघत नाहीत, आणि मोजा बदलावा. पाच मिनिटांचे काम आहे. ते टाळले तर शेवटचे तीन मैल लंगडत जावे लागते.

कोणत्या बाजूने निघावे, गाडी कुठे ठेवावी

वाटेवरचे मैल कंबरलंडपासून मोजले आहेत. कॉन्फ्लुअन्स सुमारे ६२व्या मैलावर येते आणि ओहायोपाईल ७२व्या. कॉन्फ्लुअन्सहून ओहायोपाईलकडे चालावे. त्यामुळे नदीच्या प्रवाहाबरोबर, अगदी अलगद उताराने जाता येते. शिवाय खाण्यापिण्याची सोय, स्वच्छतागृह आणि सगळ्यात सुंदर दोन पूल शेवटी येतात, त्यामुळे थकलेल्या माणसालाही पुढे काहीतरी असल्याची ओढ राहते. उलट बाजूने गेल्यास पूल पहिल्या अर्ध्या तासात संपतात आणि उरलेले नऊ मैल नुसते मोजत बसावे लागते.

दोन गाड्या असतील तर दोन्ही आधी ओहायोपाईलला न्याव्यात, एक तिथे ठेवावी आणि सगळ्यांनी दुसरीतून कॉन्फ्लुअन्सला यावे. हा क्रम उलटा करू नये. शेवटी पोहोचल्यावर गाडी समोर असली पाहिजे. ती दहा मैल मागे असली तर तिथवर नेणारा कोणी शोधण्यात अंधार पडतो. आणि ओहायोपाईलला ठेवलेल्या गाडीची किल्ली कोणाच्या खिशात आहे हे निघण्यापूर्वी मोठ्याने विचारावे. हसू येईल, पण किल्ली कॉन्फ्लुअन्सला ठेवलेल्या गाडीत राहून गेल्याचे प्रकार होतात. एकच गाडी असेल तर या भागातले होड्या व सायकली भाड्याने देणारे व्यावसायिक प्रवाशांना एका टोकाहून दुसऱ्या टोकाला पोहोचवण्याची सोय करतात. तिचे आदल्या दिवशी नक्की करावे, आणि चालणे संपल्यावर नेण्यापेक्षा चालण्याआधीच सोडायला सांगावे, म्हणजे वेळेचे बंधन मानेवर राहत नाही. उन्हाळ्यातल्या शनिवार-रविवारी ओहायोपाईलचे वाहनतळ सकाळीच भरतात, तेव्हा नऊच्या आत पोहोचलेले बरे.

दिवसाचा हिशोब असा बसतो. मोकळ्या चालीने एका मैलाला २२ मिनिटे धरावीत. दहा मैलांना ३ तास ४० मिनिटे होतात. दर दोन मैलांनी पंधरा मिनिटांची विश्रांती आणि जेवणाचा अर्धा तास मिळवला की सव्वापाच तासांच्या आसपास जातात. नऊला निघालेली मंडळी सव्वादोन-अडीचला पोहोचतात. वाटेवर मैलाचे खांब आहेत, त्यामुळे चाल तपासायला फोन लागत नाही: दोन खांबांमधला वेळ २५ मिनिटांच्या वर जाऊ लागला, की कोणाचा तरी पाय दुखतो आहे आणि तो सांगत नाही असे समजावे.

रॅमकॅट नावाच्या जागेपर्यंत, म्हणजे पहिल्या दीडेक मैलापर्यंत, गाडी येऊ शकते. त्यानंतर ओहायोपाईलपर्यंत कोणाला सहज न्यायला बोलवावे असा सोयीचा रस्ता वाटेला येऊन मिळत नाही. एका बाजूला नदी आणि दुसऱ्या बाजूला डोंगर. म्हणून परत फिरायचे की पुढे जायचे हा निर्णय रॅमकॅटला घ्यावा, मध्यावर नव्हे. मध्यावर दोन्ही बाजू सारख्याच लांब असतात. दरीत मोबाईलला रेंज मिळेलच असे धरू नये. नकाशा आधीच फोनमध्ये उतरवून घ्यावा, घरी कोणाला तरी निघण्याची व पोहोचण्याची वेळ कळवून ठेवावी, आणि मागे टाकलेल्या शेवटच्या मैलाच्या खांबाचा आकडा लक्षात ठेवावा. मदतीसाठी ९११ला फोन लागला, तर 'झाडी आहे, नदी आहे' या वर्णनाचा काही उपयोग होत नाही. '६८व्या खांबाच्या पुढे' एवढे पुरते.

ऋतू

मे-जूनमध्ये सगळे हिरवे असते. जूनच्या अखेरीपासून जुलैत नदीकाठी ऱ्होडोडेंड्रॉनच्या झुडपांना पांढरट गुलाबी झुबके येतात. जुलै-ऑगस्टमध्ये दमट उकाडा असतो, मुंबईची आठवण करून देणारा. ऑक्टोबरचा मध्य सर्वांत उत्तम. मेपल आणि ओकच्या पानांचे रंग तेव्हा भरात असतात, हवेत गारवा असतो, आणि गर्दीही तेवढीच असते. त्या दिवसांत सूर्य साडेसहा-पावणेसातच्या सुमारास मावळतो, पण आपण डोंगराच्या पायथ्याशी असल्यामुळे वाटेवर सावली त्याच्या बरीच आधी येते. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी घड्याळे एक तास मागे जातात आणि मग पाच-सव्वापाचलाच अंधारते. हे विसरून निघालेले लोक अंधारात सापडतात. थँक्सगिव्हिंग या नोव्हेंबरअखेरच्या सणानंतरच्या शनिवारपासून दोन आठवडे बंदुकीने हरणांच्या शिकारीचा हंगाम असतो आणि आसपासच्या जंगलाच्या मोठ्या भागात शिकारीला परवानगी असते. त्या काळात जाणे टाळावे. गेलेच तर अंगावर भडक नारिंगी जाकीट असावे. हिवाळ्यात कटिंगच्या भिंतींमधून पाझरणारे पाणी गोठते आणि वाटेवर बर्फ साचतो, म्हणून पहिल्या खेपेला तो काळ सोडून द्यावा.

पिशवीत काय असावे

रॅमकॅटनंतर ओहायोपाईलपर्यंत दुकान नाही, आणि नळ मिळेल या भरवशावर राहू नये. नदीचे पाणी कितीही नितळ दिसले तरी गाळून-उकळून घेतल्याशिवाय पिऊ नये. प्रत्येकाकडे दोन लिटर पाणी असावे, उन्हाळ्यात अडीच. खाण्याच्या बाबतीत आपल्याकडची शिदोरी इथे मिळणाऱ्या पाकीटबंद पदार्थांपेक्षा सरस ठरते असे माझे मत आहे: बटाट्याची कोरडी भाजी भरलेल्या पोळीच्या गुंडाळ्या, दाण्याची चिक्की, गूळ-शेंगदाणे, आणि ज्याला घाम फार येतो त्याच्यासाठी लिंबू-मीठ-साखर घातलेले पाणी. तळलेले पदार्थ पोहोचल्यावर खावेत. कचरा टाकायच्या पेट्या वाटेवर शोधत बसण्यापेक्षा एक रिकामी पिशवी घेऊन सगळे परत आणावे, केळीच्या आणि संत्र्याच्या सालींसकट. राज्य उद्यानांमध्ये मद्याला बंदी आहे, हेही मित्रमंडळींना आधीच सांगून ठेवावे.

याखेरीज पावसाचे हलके जाकीट, टोपी, बॅटरी, चिकटपट्टी, छोटी कात्री, बारीक टोकाचा चिमटा आणि बसायला घडीचे प्लास्टिक. एवढ्यात पिशवी चार किलोच्या वर जाऊ नये.

वाटेवर

कॉन्फ्लुअन्स या नावाचा अर्थच संगम. यॉक, कॅसलमन नदी आणि लॉरेल हिल क्रीक असे तीन प्रवाह इथे एकत्र येतात, आणि जुन्या लोकांनी त्या आकाराला 'टर्कीचा पाय' म्हटले होते. आपण असतो तर निमूटपणे त्रिवेणी म्हणून एखादा घाट बांधला असता. गावाच्या वरच्या अंगाला धरण आहे. त्यातून सुटणारे पाणी भर उन्हाळ्यातही थंडगार असते आणि म्हणूनच त्यात ट्राउट मासे टिकतात. कमरेएवढ्या पाण्यात उभे राहून तासन्‌तास गळ फेकणारी माणसे पहिल्या मैलातच भेटतात.

इथून पुढे नदी सतत उजव्या हाताला आणि डोंगर डाव्या हाताला राहतो. चालताना उजवी बाजू धरावी आणि दोघांहून अधिक जणांनी आडवे चालू नये. ही वाट सायकलस्वारांची लाडकी आहे. मागून घंटी वाजते किंवा 'ऑन युअर लेफ्ट' असा आवाज येतो. तो ऐकून डावीकडे पाहत डावीकडेच सरकणे ही आपल्या लोकांची हटकून होणारी चूक आहे. त्या हाकेचा अर्थ 'मी तुमच्या डावीकडून पुढे जातो आहे' एवढाच. आपण होतो तिथेच, उजवीकडे, सरळ चालत राहावे. थांबायचे झाल्यास वाटेवरून पूर्ण बाजूला व्हावे. कानात गाणी लावायचीच असतील तर एका कानात लावावीत.

एक कटिंग मुद्दाम थांबून पाहावे. दोन्ही बाजूंना फोडलेला खडक उभा असतो, त्यावर शेवाळ आणि नेचे, आणि भिंतीच्या तळाशी पाणी वाहून नेणारी उथळ चर. भरावाखालून ओढे जिथे नदीकडे जातात तिथे कडेला उभे राहून खाली पाहिले की जुनी मोरी दिसते. ज्या कामगारांनी मालगाडीचे वजन डोळ्यांपुढे ठेवून हे बांधले, त्यांच्या कामावर आज माणसांच्या आणि सायकलींच्या वजनाचा काही भारच नाही. वळणेही पाहण्यासारखी असतात. रेल्वेचे वळण कधी एकदम येत नाही. ते इतके हळू उलगडते की आपण वळलो हे नदीची दिशा बदललेली दिसल्यावरच कळते. याच कारणाने पुढचा मैलाचा खांब सारखा लांब वाटतो. कंटाळा आला की उजवीकडून डावीकडे न जाता चाल बदलावी: पाच मिनिटे लहान पावले, पाच मिनिटे लांब. पोटऱ्यांना तेवढाच बदल.

गोव्यात दूधसागरला जाण्यासाठी कुळेच्या बाजूने रुळांवरून चालत गेलेले पुष्कळ जण मला भेटतात आणि ही वाट त्यांना त्याची आठवण देते. दोन्हींत महत्त्वाचा फरक आहे. तिथे गाड्या धावतात आणि रेल्वेने रुळांवरून चालण्यास मनाई केलेली आहे. इथे रूळच नाहीत. नदीपलीकडचा मार्ग मात्र चालू आहे, तेव्हा ओहायोपाईलला पोहोचल्यावर छायाचित्रासाठी त्या रुळांवर जाऊन उभे राहू नये.

गोचीड, तीन पाने आणि पाणी

अस्वले आणि खडखड्या साप या डोंगरांत आहेत, पण वाटेवर राहणाऱ्याला त्यांचा त्रास सहसा होत नाही. खरी काळजी घ्यायची ती हरणांच्या अंगावरच्या गोचिडीची. तिची लहान अवस्था खसखशीच्या दाण्याएवढी असते, चावल्याचे कळत नाही, आणि तिच्यामुळे लाइम नावाचा आजार होऊ शकतो. कच घातलेल्या वाटेवर ती नसते. कडेच्या उंच गवतात असते. म्हणून गवतात बसू नये, विजार फिक्या रंगाची असावी, तिची टोके मोज्यांत खोचावीत आणि बुटांवर व विजारीवर किडे पळवणारे औषध फवारावे. घरी आल्यावर आंघोळीच्या वेळी गुडघ्यामागे, काखेत, कंबरपट्ट्याखाली आणि केसांत नीट पाहावे. गोचीड आढळली तर चिमट्याने कातडीच्या अगदी जवळ धरून सरळ वर ओढून काढावी. तेल लावणे, रॉकेल लावणे, काडी पेटवून चटका देणे यांतले काही करू नये. पुढच्या काही आठवड्यांत ताप आला किंवा चावल्या जागी लाल वर्तुळ पसरू लागले, तर डॉक्टरांना गोचीड चावल्याचे आवर्जून सांगावे.

बेलाच्या त्रिदळासारखी तीन-तीन पाने असलेली एक वेल झाडांवर चढलेली किंवा जमिनीवर पसरलेली दिसेल. ती पॉयझन आयव्ही. तिला हात लागला तर कातडीवर खाजरे फोड उठतात. लागल्याचा संशय आला, तरी लगेच साबण आणि गार पाण्याने हात धुवावेत, आणि तोवर डोळ्यांना हात लावू नये.

नदीविषयी थोडे कठोर सांगावे लागेल. वरच्या भागात ती शांत दिसते, होड्यांतून शाळकरी मुले जाताना दिसतात. म्हणून पोहायचा मोह होतो. पाणी थंड, खडक शेवाळलेले आणि तळातल्या फटींत पाऊल अडकले की प्रवाह माणसाला आडवा पाडतो. ओहायोपाईलच्या धबधब्याजवळ तर पाण्यात उतरूच नये. पाय भिजवायचे असतील तर काठावर बसून भिजवावेत.

ओहायोपाईल आणि दोन पूल

'ओहायोपाईल' हे नावही लेनापी भाषेतले. पाणी पांढरेशुभ्र होते असा त्याचा अर्थ सांगतात. सुमारे वीस फूट उंचीचा धबधबा गावातच आहे. गावाशी आल्यावर नदी फर्नक्लिफ नावाच्या भूभागाला मोठा वळसा घालते. रेल्वेला तो वळसा परवडणारा नव्हता, म्हणून अभियंत्यांनी त्या भूभागाची मान आडवी कापली: गावाकडून एक बुटका पूल, मधे थोडी जमीन, आणि पलीकडे पुन्हा त्याच नदीवर एक उंच पूल. दोन पुलांमध्ये नदी खूप खाली उतरलेली असते. पहिल्या पुलावरून पाणी जवळ वाटते. दहा मिनिटांनी दुसऱ्यावर उभे राहून पाहावे तर ते शंभरेक फूट खोल गेलेले असते, आणि खालून रबरी होड्यांतल्या लोकांचे ओरडणे ऐकू येते.

हिंदुस्थानातून आलेल्या आई-बाबांना, सासू-सासऱ्यांना घेऊन जायचे असेल तर दहा मैलांचा हट्ट धरू नये. जुन्या स्थानकापासून दोन्ही पूल पार करून परत येणे दोन मैलांच्या आत होते, वाट सपाट आहे, चाकाची खुर्ची आणि बाळाची गाडी दोन्ही चालतात. त्यांचे औषध, प्रवासविम्याचे कार्ड आणि गुडघ्याचा पट्टा बरोबर असावा, आणि 'मला काही होत नाही' या त्यांच्या म्हणण्यावर विसंबू नये. फ्रँक लॉइड राइट यांनी १९३५ मध्ये आराखडा केलेले 'फॉलिंगवॉटर' हे घर इथून चारेक मैलांवर आहे. छोटा पर्याय घेणाऱ्यांनी त्याची तिकिटे आधी काढून दुपार तिथे घालवावी. दहा मैल चाललेल्यांनी ते दुसऱ्या दिवसावर ढकलावे.

ज्यांना पुढे जाण्याची हौस आहे, त्यांच्यासाठी दोन शब्द. ओहायोपाईल ते कॉनेल्सव्हिल हे पुढचे १७ मैल अधिक निर्जन आहेत आणि मधे गाव नाही, तेव्हा दहा मैल दोनदा नीट चालून झाल्यावरच ते घ्यावेत. पूर्वेकडे मायर्सडेलजवळ १,९०८ फूट लांबीचा सॅलिसबरी पूल आहे, आणि त्याच्याही पुढे बिग सॅव्हेज बोगदा, जवळजवळ एक किलोमीटर लांब. थंडीत तो दारे लावून बंद करतात, त्यामुळे डिसेंबर ते एप्रिलच्या सुरुवातीपर्यंत सलग चाल शक्य नसते. बोगद्याच्या अलीकडे २,३९२ फुटांवर वाटेचा माथा आहे. आपल्या घाटमाथ्यावर पावसाचे पाणी एका अंगाला अरबी समुद्राकडे आणि दुसऱ्या अंगाला बंगालच्या उपसागराकडे जाते, तसे तिथे एका अंगाचे अटलांटिककडे आणि दुसऱ्या अंगाचे मेक्सिकोच्या आखाताकडे जाते. माथ्यापासून कंबरलंडपर्यंतचा २४ मैलांचा उतार या वाटेवरचा सर्वांत तीव्र आहे, आणि तोही शंभराला दोनपेक्षा कमी.

ओहायोपाईलला पोहोचल्यावर लगेच गाडीत बसू नये. बूट काढून दहा मिनिटे मोकळ्या पायांनी चालावे, पोटऱ्या ताणाव्यात, पाणी प्यावे, मगच चालकाने चाक हाती घ्यावे. सोळा किलोमीटरनंतर पोटरीत पेटका येतो तो बहुधा बसल्यावर, आणि त्या वेळी पाय ब्रेकवर असतो. कॉन्फ्लुअन्सला ठेवलेली गाडी उजेडातच आणावी, आणि ती आणायला जाताना तिची किल्ली घेतली आहे ना, हेही एकदा मोठ्याने विचारावे.